माणमधली वरची खोली

भूकंप तसा किरकोळच होता. सकाळी चहाच्या वेळी कपबशा वाजल्या, पंखे डोलले, लोक खाली पळाले आणि थोड्या वेळाने एकमेकांना हसत परत वर गेले. पण नंतर भिंतींना भेगा दिसायला लागल्या आणि मुळशीच्या गावांतल्या इमारती तपासायला आम्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर मंडळींना बोलावणं आलं. गावं वाटून घेताना मी माण मागून घेतलं. कुणी कारण विचारलं नाही, ते बरंच झालं.

लग्नानंतर आम्ही दोघं परभणीहून इकडे आलो ते माणमध्येच राहिलो. मावशींच्या दुमजली घराच्या गच्चीवरची एकुलती एक खोली आमची. मावशी म्हणजे घरमालकीण. शेत गेलं, तिथे भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, तरी भाडेकरू सकाळी किती वाजता उठतात यावर त्यांचं शेतातल्या गड्यांवर असावं तसं लक्ष. हिच्यावर मात्र त्यांचा भारी जीव. माझी ओळख गल्लीत 'तिचा नवरा' एवढीच. पुढे आम्ही पुण्याच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं आणि दिवाळीचे फोनही हळूहळू थांबले. दोन वर्षांपूर्वी ही आजारपणात गेली. माणला कुणाला कळवणं माझ्याच्याने झालं नाही.

गल्लीत शिरलो तर सगळीकडे ताज्या रंगाचा वास. साहेब तपासायला येणार म्हणून घराघरांनी भेगांत पुट्टी भरून वरून हात मारला होता. दारात रांगोळ्यासुद्धा. भेगा बघायला आलेल्या माणसापासून भेगाच लपवायच्या, हे आपल्याच लोकांना जमतं. मावशींच्या जिन्यातली भिंत तर अजून ओली होती. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, हे काय करून ठेवलंत? आता मी तपासू काय, कपाळ?"

"मग? पावणं येणार, आन् घर काय असं फाटकं दावायचं?" मावशी म्हणाल्या. मग त्यांनी मला नीट पाहिलं. "अगं बया, तू व्हय रं! आन् सूनबाई कुटं हाय?"

"घरी आहे," मी म्हणालो.

खोटं बोलायचं ठरवून आलो नव्हतो. पण दोन वर्षांत असं मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, सगळे तिचा विषय जपून टाळायचे. मावशी मात्र विचारतच सुटल्या. अंगानं जरा भरली का, अजून भात करपवती का, माझी आठवण काढती का. मी सगळ्याची उत्तरं दिली. अजून करपवते म्हणालो. हातात हातोडी घेऊन जिन्यात उभा राहून मी बायकोची तक्रार करत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

वर गेलो. आमच्या गच्चीवर आता खोल्या झाल्या होत्या आणि त्यांच्यावर आणखी एक मजला चढला होता. जिथे आम्ही उन्हाळ्यात चटई टाकून जेवायचो तिथे कुणाच्या तरी चपलांचा स्टँड होता. आमच्या खोलीत यवतमाळचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं राहत होतं. मुलगी ओट्यापाशी कणिक मळत होती. तिला बाजूला व्हायला सांगून मी ओट्याशेजारच्या कॉलमवर हातोडी वाजवली. आवाज पोकळ आला. पुट्टीचा पापुद्रा खाली पडला आणि आत तिरकी, आरपार भेग दिसली. आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या. आमच्या वेळी हा कॉलम एका खोलीचं छप्पर पेलत होता, आता त्याच्या डोक्यावर अख्खा मजला होता.

ती खोली राहायला हवी होती. मला हवी होती. टेकू देऊन निभेल का, बाहेरून काँक्रीटचं जॅकेट चढवता येईल का, सगळं मनात करून पाहिलं. पुन्हा ठोकलं. निभणार नव्हतं.

"मावशी, वरचे दोन्ही मजले आजच रिकामे करा. पाडावे लागतील."

"काय बी सांगतोय! तुमी न्हाई का ऱ्हायलात हितं? काय झालं का तुमाला?"

मी भेग दाखवली, सळी दाखवली. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"तू पयल्यापास्नं लई भित्रा. सूनबाईला फोन लाव. ती सांगंल खरं काय ते. ती म्हणली पाडा, तर पाडते." आणि त्यांनी स्वतःचा मोबाईल माझ्यापुढे धरला.

मागे ती मुलगी पुन्हा कणिक मळायला लागली होती, त्याच कॉलमला खेटून.

"मावशी, ती नाही," मी म्हणालो. "ती गेली. दोन वर्षं झाली."

मावशींनी मोबाईल खाली घेतला.

"मी भेग बुजवली तर माज्यावर खेकसलास," त्या म्हणाल्या. "आन् तू रं?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं, खोलीकडे वळल्या आणि त्या जोडप्याला म्हणाल्या, "पोरांनू, सामान खाली घ्या. समदं. आत्ताच." वरच्या मजल्यावरच्यांनाही जिन्यातूनच हाका मारल्या. एकाशीही वाद घातला नाही.

मग त्या खाली दाराच्या पायरीवर बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. हिच्यासाठी असं गळा काढून कुणी रडलं नव्हतं. दवाखान्यात आम्ही सगळे शहाण्यासारखे वागलो होतो. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मलाही आवरेना. जिन्यातून गाद्या, कुकर, कपड्यांच्या बादल्या उतरत होत्या. आवाज ऐकून गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांनी सामान पाहिलं, माझी हातोडी पाहिली आणि त्यांना वाटायचं ते वाटलं. एक म्हातारी मावशींच्या पाठीवर हात फिरवत बसली.

"रडू नगं गं," ती म्हणाली. "घर काय, पुन्यांदा बांधता येतंय."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "व्हय का न्हाई, साहेब?"

घराचं ते खरंच होतं. मी हो म्हणालो.