हद्दीपलीकडची एक सिगारेट

मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार. रक्कम ऐंशी रुपये. हजर तिघे: मोजणीकाका, सुमनकाकू आणि मी. त्या व्यवहाराआधी काकांबद्दल सांगायला हवं.

देगलूरला ते आमचे शेजारी. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून गल्लीचे मोजणीकाका. दुपारचे तीन वाजले की त्यांच्या अंगणात येरझारा सुरू. चप्पल घालायची, काढायची, फाटकाची कडी उगाच वाजवायची. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन दिवसातली एकुलती एक सिगारेट ओढायची. पूर्वी रोज दहा ओढत. छातीत कळ आली, नांदेडच्या डॉक्टरांनी धाक घातला, तेव्हा एकीवर आले आणि तिथे टिकले. "हद्द कायम केली की खुणेचा दगड हलवायचा न्हाई," असं म्हणत.

सुटी सिगारेट विकायला राज्यात बंदी होतीच, पण आमच्याकडे ती कुणी मनावर घेत नव्हतं. मग बाजारात तपासणी झाली, दोन टपऱ्यांना दंड बसला. टपरीवाला म्हणाला, "काका, सुटी न्हाई देता येत आता. पाकीट घ्या."

"पाकीट खिशात आलं की सगळं संपतंय बाबा."

काकू खूश. "मला जन्मभर जमलं न्हाई ते सरकारनं केलं!"

आठवडाभरात काका मदनूरच्या बसमध्ये दिसले. मदनूर तेलंगणात, तिथे सुटी मिळायची. मग ते रोजचंच झालं. ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटाचे जाऊन-येऊन तीस, सिगारेटचे वीस. मी हिशेब मांडला, "काका, विसाची वस्तू पन्नासला पडतेय."

"महाग पडतीय म्हणूनच एक हाय. अलीकडं कायदा पाळतो, पलीकडं शौक."

काकूंचा जीव मात्र टांगणीला. "ह्या उन्हात फिरून राहिलेत. एकदाच पाकीट आणा. मी कुलपात ठेवते, रोज एक देते."

"चोर मी अन् पहारा तुला? न्हाई."

मे महिन्यात परत येताना ते बसस्थानकावर भोवळ येऊन पडले. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि सिगारेटही, ती एकसुद्धा. काका घरात कोंडले गेले. तीन वाजले की भिंतीला हात लावत खोलीतच फेऱ्या. जेवण तसंच राही, काकूंवर विनाकारण ओरडणं होई.

त्या शुक्रवारी काकू आमच्या दारात आल्या. "मदनूरला जा. एक घेऊन ये."

"काकू, डॉक्टर काय म्हणाले..."

"ठाऊक हाय मला. ही तगमग बघवत न्हाई रे."

मी गेलो. तिथल्या टपरीवाल्याला देगलूरच्या काकांचं नाव सांगितलं. "सार न्हाई आले?" असं तेलुगू वळणानं म्हणत त्यानं एक सिगारेट कागदात गुंडाळून दिली. मी ओढत नाही. येताना ती मोडू नये म्हणून सारखा खिसा चाचपत होतो. आपण बरं करतोय की वाईट, हे बस थांबली तरी ठरलं नव्हतं.

काकांनी ती हातात घेतली. काकू स्वतः काडेपेटी घेऊन शेजारी उभ्या. काकांनी सिगारेट नाकाशी नेली, बराच वेळ धरली.

"बसनं गेलतास?"

"हो."

"मी जाऊन आणत होतो तवर एक होती. घरपोच यायला लागल्यावर दहा व्हायला किती दिवस लागतेत?"

त्यांनी ती काकूंच्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. मी निघालो तसं काकांनी उशीखालून पैसे काढले.

"राहू द्या ना काका."

"धर. तुझं पूर्ण तिकीट हाय. साठ ते, अन् वीस सिगारेटचे."

दिवाळीआधी काका गेले. तोवर तीनच्या येरझारा रोज ऐकू येत होत्या, धूर कधी दिसला नाही. सिगारेटपायी त्यांनी शेवटचे दिले ते हे ऐंशी रुपये. मला, रोख.