सही पेंडुरकरांची

नवी मुंबईत पावण्याच्या एका कारखान्यात श्यामसुंदर पेंडुरकर माल तपासायचे. त्यांची सही झाल्याशिवाय एक व्हॉल्व्ह गेटबाहेर जात नसे, आणि हा रुबाब ते रोज संध्याकाळी रिकाम्या डब्यासोबत कोपरखैरण्याच्या घरीही घेऊन येत. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे विचारायलाच नको. गॅसची पावती असो की लग्नपत्रिका, अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय हा गृहस्थ कागद खाली ठेवत नसे. घरातले सगळे फॉर्मही तेच भरत. सुनीतीवहिनींना कुणी त्यांची जन्मतारीख विचारली, तरी त्या आधी नवऱ्याकडे बघत.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर त्यांची अकरावीतली गीतांजली नीट जेवेनाशी झाली. कॉलेज बंद, दिवसभर खोलीची कडी लावून आत. पेंडुरकरांनी काय करावं? स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कडीच काढून टाकली. तेव्हापासून पोरीने त्यांच्याशी बोलणं टाकलं, त्याला आता दीड महिना झाला होता. पेंडुरकर आतून पार घाबरले होते, पण तसं म्हणायची जिभेला सवय नव्हती. शेवटी वहिनींनीच पुढाकार घेऊन वाशीच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नूरीन मुकादम यांची वेळ घेतली.

दवाखान्यातल्या रंगूबाईंनी प्रश्नांचा कागद गीतांजलीला दिला. ती पहिली ओळ वाचते न वाचते तोच तो बापाच्या हातात गेला. वीस प्रश्न, दहा मिनिटं, मोत्यासारखं अक्षर, एकही खाडाखोड नाही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी चष्मा लावून कागद वाचायला घेतला.

"झोप लागते का? ‘नाही. रात्री तीन-तीनदा उठून बघावं लागतं.’ काय बघावं लागतं?"

"ही झोपली की नाही ते," पेंडुरकर म्हणाले.

"बरं. भीती कशाची वाटते? ‘पोरगी हातची जाईल, याची.’"

डॉक्टरांनी चष्मा काढून कागद टेबलावर ठेवला.

"फॉर्म मन लावून भरलाय हो," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त यातले पेशंट तुम्ही आहात. बुधवारी संध्याकाळी या, तुमचंही टेन्शन बघू."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. गीतांजली खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरांनी कोरा फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं. पेंडुरकर हलले नाहीत.

"मॅडम, ती सोळाची आहे. मी बाप आहे. उपचाराच्या कागदावर सही माझीच लागणार ना?"

"लागणार. सही तुमचीच. पण उत्तरं तिची. आणि ती मी तुम्हाला दाखवणार नाही. जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मात्र त्याच मिनिटाला सांगेन."

पेंडुरकरांनी मुलीकडे पाहिलं. तिने पेन उचललं होतं, पण ते बाहेर जाईपर्यंत ती एक अक्षर लिहिणार नव्हती, हे त्यांना स्पष्ट दिसलं. ते उठले.

बाकड्यावर त्यांनी भिंतीवरची बी.सी.जी. लशीची जाहिरात चार वेळा वाचली. तिच्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका निघाल्या. पाऊण तास झाला. दारापलीकडून मध्येच रडण्याचा आवाज आला, तसे ते उठले. वहिनींनी शर्टाची बाही धरून त्यांना खाली बसवलं. मग बराच वेळ गीतांजली नुसती बोलत होती. शब्द कळत नव्हते. एवढं बोलते आपली पोरगी? त्यांना वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं.

दार उघडलं. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला. फायलीत एकत्र राहावं म्हणून त्याला गीतांजलीची उत्तरं घडी घालून टाचली होती. घडी जरा उकललेली होती; मान तिरपी केली असती तर दोन-तीन ओळी सहज वाचता आल्या असत्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेंडुरकरांनी यापेक्षा अवघड कागद उलटे वाचले होते.

त्यांनी घडीवर डाव्या हाताचा पंजा ठेवला, नीट दाबून झाकली आणि खाली सही केली. पेनाला टोपण लावलं आणि कागद परत केला.

"बाबा," गीतांजली म्हणाली, "तारीख राहिली."