स्पीकर लावून बोल!

किस्से गोळा करायला कुठेतरी जावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी झाशीत आठवडाभर बायकांना मोबाइल शिकवून बघावा. मी दोन वर्षं शिकवतेय. संध्याकाळी सेंटरला कुलूप लावताना मी आणि माझी सहकारी सरोजजी दिवसाचा किस्सा एकमेकींना सांगतो. सरोजजी इथल्याच, बुंदेलखंडी. त्या हसत हसत सांगतात. मी सांगायला लागले की मला राग येतो, आणि आता किस्से इतके साठलेत की राग ठेवायला जागा नाही.

रामकलीपासून सुरुवात करते. ती ओरछा गेटच्या आत राहते, घरी ब्लाउज शिवते. एकुलती एक मुलगी पिंकी, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन टहरौलीला गेली. क्लासच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारते, "मोबाइल में क्या सीखना है?" कुणी फोटो म्हणतं, कुणी यूट्यूब. रामकली म्हणाली, "बिटिया से बात करने है. अकेले में."

मी वहीत "कॉल करना" एवढंच लिहून घेतलं. शिकलेली बाई ना मी!

*

मग फोनवाटपाचा कार्यक्रम झाला. मांडव, हार, समोसे, आणि नारीशक्तीवर पाऊण तास भाषण. एकेकीला स्टेजवर बोलावून हातात फोनचा डबा दिला, फोटो काढला. पायऱ्या उतरायच्या आत खाली नवरे हजर!

रामकलीच्या नवऱ्याचं दतिया गेटला दाढी-कटिंगचं दुकान आहे. त्यानं तिच्या हातून डबा घेतला, फोन काढून एका खिशात टाकला, चार्जर दुसऱ्या खिशात, आणि रिकामा डबा तिला परत दिला.

"लो, संभाल के रखियो!"

त्या डब्यात ती आता हूक आणि बटणं ठेवते.

*

पुढच्या आठवड्यात क्लासची वेळ बदलली, म्हणून मी यादीतल्या सगळ्या नंबरांवर फोन केले. बायकांच्या नंबरांवर सगळीकडे पुरुषांचे आवाज!

"रामकलीजी से बात हो जाएगी?"

"हम उनके पति बोल रहे हैं. बताइए."

"भैया, ये नंबर तो उन्हीं का है ना?"

"हां जी, उन्हीं का है. बस रहता हमारे पास है."

इतक्या सरळपणे म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, मी काहीतरी भलतंच विचारलं.

*

खूप भांडून, सरोजजींना तिच्या घरी पाठवून, शेवटी एका दुपारी फोन रामकलीसोबत क्लासमध्ये आला. पंधराजणींचे पंधरा फोन उघडले. हिचा काही उघडेना. बिचारी स्क्रीनवर बोट घासतेय, पुसतेय, परत घासतेय.

मी म्हटलं, "लॉक किसने लगाया?"

"उनने. अंगूठे से खुलता है."

"किसके अंगूठे से?"

"उनके."

"और वो कहां हैं?"

मागून सरोजजी म्हणाल्या, "अंगूठा दुकान पे बैठो है मैडम, दाढ़ी बना रओ है!"

सगळा क्लास हसला. रामकलीही हसली. मला मात्र हातातलं डस्टर कुणाच्या तरी डोक्यात घालावंसं वाटत होतं.

*

आमचे प्रोजेक्टवाले साहेब दर तीन महिन्यांनी येतात. त्यांच्या फॉर्मवर एक रकाना आहे, "महिला के पास फोन है? हां / नहीं." सगळीकडे हां, हां, हां. साहेब खूश.

मी म्हटलं, "सर, आणखी एक रकाना घालू या. फोन रहता किसके पास है?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता विचार करतील.

"मैडम, उससे हमारा परसेंटेज गिर जाएगा."

*

हे सगळं मी एकदा काकांकडे तावातावानं सांगितलं. आमचे काका रेल्वेतून रिटायर झालेले. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेलं आमचं घर, पण पुण्याहून कालच आल्यासारखी त्यांची ऐट. ते म्हणाले, "त्या लोकांमध्ये चालतं असलं. आपल्या मराठी घरांत नसतं हो!"

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाची वेळ विचारायला मी काकूच्या नंबरवर फोन केला. उचलला काकांनी.

"काकू कुठेय?"

"ही काय, समोरच बसलीय. तुला काय विचारायचंय ते मला सांग, मी तिला सांगतो."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "तिला सांगा, काकांच्या हातातला फोन काढून घे."

काका सवयीनं मोठ्यांदा म्हणाले, "अगं, ती म्हणतेय काकांच्या हातातला फोन..." आणि थांबले.

मागे काकू खुदकन हसल्याचं ऐकू आलं. पण फोन काही तिच्या हातात आला नाही. हळदीकुंकवाची वेळ काकांनीच सांगितली.

*

आता रामकलीचं "अकेले में" मला कसं कळलं ते सांगते. ते कळलं आणि मी दोन दिवस धड जेवले नाही.

इकडे बऱ्याच घरांत एक पद्धत आहे. सुनेनं माहेरी बोलायचं ते सगळ्यांसमोर, स्पीकर लावून. लपवण्यासारखं असतंच काय, असा सवाल! टहरौलीत पिंकीची सासू शेजारी बसून ऐकते, झाशीत रामकलीचा नवरा ऐकतो. दर रविवारी मायलेकी बोलतात.

"खाना खा लओ?"

"हओ अम्मा."

"सब ठीक?"

"सब ठीक."

दीड वर्षं एवढंच. श्रावणात पिंकी माहेरी आली तीही नवऱ्याबरोबर, आणि संध्याकाळच्या बसनं परत.

रामकली म्हणाली, "पहले बिटिया बीच-बीच में हंस देत थी, मैडमजी. अब नईं हंसत. मोय पूछने है, का हो गओ."

मग तिनं विचारलं, "वो भोंपू बंद करवे को बटन कौन सो है?"

आमच्या पाठ्यक्रमात पेमेंट होतं, सरकारी फॉर्म होते, दिवाळीच्या शुभेच्छांचं कार्ड बनवणंसुद्धा होतं! स्पीकर बंद करायचं बटण नव्हतं. मी दाखवलं, तिला अर्ध्या मिनिटात जमलं. पण इथला भोंपू बंद करून काय उपयोग? टहरौलीचा चालूच!

*

टहरौलीत क्लास काढायचा म्हणून मी स्वतः मागे लागले. तिथल्या एका बुजुर्ग बाबूजींनी सगळ्यांसमोर मला सुनावलं, "मोबाइल से लड़कियां बिगड़ती हैं."

"कैसे बिगड़ती हैं, बाबूजी?"

"लड़के फोन करते हैं उनको!"

"तो लड़कों के फोन छीन लीजिए."

बाबूजी माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "बेटा, लड़कों को तो काम पड़ता है."

शेवटी परवानगी मिळाली ती एका अटीवर. प्रत्येक सुनेबरोबर सासू येणार.

*

या अटीचाच मी उपयोग करून घेतला. सासवांना बाहेर ओसरीवर बसवलं आणि आमच्या टॅबलेटवर भजनं लावून दिली, अगदी फुल आवाजात. सुनांना सांगितलं, कॉल करायची प्रॅक्टिस एकेकीनं आत येऊन करायची, गोंधळ नको. पिंकीच्या सासूनं डोकं आत घालून एकदा खोली तपासली आणि भजनाकडे वळली.

तिकडे झाशीला सेंटरमध्ये सरोजजी स्वतःचा फोन रामकलीच्या हातात देऊन बसल्या होत्या. रामकलीच्या नवऱ्याला सांगितलं होतं, परीक्षा आहे.

पिंकी आत आली. वय वीस असेल. मी माझ्या फोनवरून सरोजजींचा नंबर लावला, रिंग वाजल्यावर तिच्या कानाला धरला. तिनं सवयीनं तो कानापासून काढून तळहातावर आडवा धरला आणि भिंतीला सांगावं तसं मोठ्यांदा म्हणाली, "हओ अम्मा, सब ठीक है!"

मी फोन परत तिच्या कानाला लावला. म्हटलं, "स्पीकर बंद है, पिंकी. तिकडचाही बंद आहे... उधर का भी बंद है. कोई नहीं सुन रहा."

फोनमधून रामकलीचा आवाज येत असावा, कारण पिंकीनं तो दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. ओठ उघडले, मिटले. बाहेर भजन चालू होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी जवळ जाऊन म्हटलं, "बोल बेटा, बोल."

पिंकीनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मैडमजी, आप भी बाहर जाओ."

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि सासवांच्या रांगेत जाऊन बसले.