पिंपळावरची लाल चिंधी

आमच्या तलावावर सकाळ उजाडायची ती बाईंच्या शिव्यांनी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई घाटाच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून पोहणाऱ्यांचा उद्धार करत, आणि पोहणारे त्यांचा. मी शेजारी राहत असल्याने दोन्हीकडच्या शिव्या चहाबरोबर ऐकत असे. मला विचाराल तर बाईंच्या कमी पडत.

रोज तलावाचं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात औषध लावलेली कागदाची पट्टी टाकायची आणि टॉवेलात गुंडाळून ओट्यावर ठेवायची, हा त्यांचा नेम. सकाळी पाणी काळं पडलेलं दिसलं की समजायचं, वस्तीचा नाला तलावात उतरला. ‘पोहण्यास मनाई’ची सरकारी पाटी होती, पण तिच्यावर लोक चड्ड्या वाळत घालत. म्हणून बाईंनी जुन्या लाल लुगड्याची चिंधी फाडली आणि बाटली काळी पडेल त्या दिवशी घाटावरच्या पिंपळाला बांधायला सुरुवात केली. लाल म्हणजे धोका, हे सगळ्यांना कळेल अशी त्यांची समजूत.

एवढ्या शिकलेल्या बाईंना हे सुचू नये! आमच्याकडे पिंपळाला लाल कापड बांधल्यावर दुसरं काय होणार? आठवडाभरात बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड आला, मग नारळ आले. कधी पाण्यात पाय न घातलेली माणसंही दर्शनाआधी बुडी मारू लागली. या सगळ्यांचा पुढारी गुलाबभाऊ, तलावावरचा सगळ्यात जुना पोहणारा.

बाई चिंधी ओढून काढायला गेल्या तेव्हा तो आडवा आला.

“देवीच्या झेंड्याले हात नोका लावू, बाई.”

चिडल्या की बाईंची कॉलेजातली मराठी गळून पडे. “देवीचा नाही गा, माह्या फाटक्या लुगड्याचा हाये. पाण्यात गू हाये म्हणून बांधला.”

त्या दिवशी बाईंच्या दारावर कोणीतरी शेण फेकलं. मी ते धुवायला गेलो तर माझ्यावरही खेकसल्या.

पुढे गुलाबभाऊला कावीळ झाली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात बाई माझ्यासोबत काळी बाटली घेऊन गेल्या आणि ती त्याच्या उशाशी ठेवली. पिवळ्या डोळ्यांनी बाटलीकडे पाहत तो म्हणाला, “तुम्ही झेंडा काढाले गेल्या, म्हणून देवी कोपली.”

 परतीच्या रिक्षात मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की त्याचं आजारपणही मला दिसेना.

दुसऱ्या सकाळी बाईंनी आणखी एक चिंधी बांधली आणि पायरीवरून ओरडल्या, “आज देवी न्हाऊन राहिली. कोणी उतरू नोका.”

सगळा घाट निमूट मागे सरला. बाई घरी आल्या आणि ओट्याशी उभ्या राहून रडल्या. “खरं सांगत होते तवा शेण फेकलं,” एवढंच म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. जाण्याआधी बाटलीचं काम मला शिकवलं आणि बजावलं, “चिंधी बांधजो, पण काहून बांधली तेही सांगजो. माह्यासारखं खोटं नको बोलू.”

परवा बाटली काळी पडली. चिंधी बांधून मी ती बाटली, काविळीतून उठून पुन्हा घाटावर येऊ लागलेल्या गुलाबभाऊच्या नाकापुढे धरली आणि पाण्यात काय आहे ते स्पष्ट सांगितलं. त्याने शांतपणे चप्पल काढली आणि बाटलीला हात जोडले.

मी बाईंची एक ठेवणीतली शिवी हासडली. तलावावर सकाळ उजाडली.