नदीनं दगड खाल्ले काय?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गावात लोक मला सडेतोड माणूस म्हणतात — ऐकलं की अंगाची नुसती लाही लाही होते!

आमच्या गावाबाहेर नदी वळते, तिथेच पूल आहे. पुराचं पाणी वळणाच्या बाहेरच्या अंगाला जोर करतं, तिकडच्या खांबाच्या पायाखालची वाळू उकरून नेतं. म्हणून त्या खांबाभोवती मोठाले काळे दगड टाकतात. हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! पुलाचं काम चालू असताना इंजिनीअर मॅडम रोज माझ्या किराणा दुकानावर चहा घ्यायच्या, मला काका म्हणायच्या. त्यांनीच समजावून सांगितलं होतं.

मागच्या पावसाळ्यात नेमका तोच खांब खचला. पूल बंद झाला. नदीपलीकडे आंजी गावच्या शाळेत जाणाऱ्या पोरींना लांबचा फेरा पडू लागला. गाव चिडलं — आणि सगळ्यांत जास्त कोण चिडलं? मी. रास्ता रोको मीच केला. वरचे साहेब पाहायला आले, तर खांबाशी दगडच नाहीत. दगड न टाकताच बिल काढलं, असा आळ मॅडमवर आला.

ग्रामसभेत ती उभी राहिली. माझ्या मुलीच्या वयाची पोर. म्हणाली, "दगड टाकले होते, काका. मी सोता उभी होती तिथं."

मी गरजलो, "मंग गेले कुठी? नदीनं खाल्ले काय?"

काय टाळ्या पडल्या! ती खाली बसली. पुढे निलंबित झाली.

गेले कुठे? अहो, मीच नेले होते. आदल्या उन्हाळ्यात नदी कोरडी होती, सारं गाव केळझरला लग्नाला गेलेलं. भरदुपारी मी पात्रात ट्रॅक्टर घातला. पहारीने उचकटले, फळीवरून ट्रॉलीत चढवले, खेपेवर खेप. बाकीचे सुटे झालेले, ते पुरात गडगडत गेले असतील. दुकानापुढे ओटा बांधायचा होता मला — ओटा! नदीत टाकलेला दगड कुणाच्या बापाचा, असं तेव्हा वाटलं. बायकोला सांगितलं, खदानीतून आणले.

गावातून जायच्या दिवशी मॅडम त्याच ओट्यावर येऊन बसल्या. चहा घेतला. दगडावर हात टेकून म्हणाल्या, "काका, तुम्हाले तरी खरं वाटते ना?"

आणि मी काय बोललो?

"साखर कमी पडली काय, मॅडम?"

ओटा पक्का आहे, एक दगड हललेला नाही. संध्याकाळी लोक त्यावर बसतात, पुलाचा विषय निघतो, मग मॅडमला शिव्या सुरू होतात. मीही दोन हासडतो. कालही हासडल्या.