कागदाच्या खुर्चीवरच्या बाई

बाई म्हटलं की मला त्या खुर्चीवर उभ्याच दिसतात. बसलेल्या नाही, उभ्या. सहा फुटांची गोरी बाई, डोकं पंख्याला टेकेल की काय अशी भीती, आणि पायाखाली एवढीशी लहान मुलाची खुर्ची, तीही वर्तमानपत्रांची. कोणीतरी धावत जाऊन पंखा बंद करायचं. बाई वर उभ्या उभ्याच डुलून बघायच्या, खाली उतरायच्या आणि म्हणायच्या, "आधी मी, मग मूल."

भाईंदर पूर्वेला गोडदेवच्या बाजूला आमच्या मुलांचं सेंटर आहे. आमची मुलं म्हणजे ज्यांना मान धरता येत नाही, आधाराशिवाय बसता येत नाही अशी. माझी सानिका तेव्हा चार वर्षांची होती आणि दिवसभर पाठीवर पडून छत बघायची. आडवीला भरवताना ठसका लागायचा, की माझा जीव टांगणीला. बाई हॉलंडच्या, फिजिओथेरपिस्ट. तिकडच्या एका संस्थेने त्यांना स्वयंसेवक म्हणून इथे पाठवलं होतं. आल्या आल्या त्यांनी सानिकाचं माप घेतलं. परदेशातून खास खुर्ची येणार, पोरगी बसून जेवणार, असं ठरलं आणि मी सगळ्या बिल्डिंगला सांगून मोकळी झाले.

खुर्चीच्या आधी कात्री आली. तिकडच्या सरकारने मदत कमी केली, संस्थेचं बजेट आटलं आणि खुर्च्या रद्द झाल्या. मग एकेक गोष्ट जायला लागली. पहिली सेंटरची गाडी गेली. बाई म्हणाल्या, "बरं झालं. गाडीत मला कोणी भेटत नव्हतं." आणि शेअर रिक्षात गुडघे हनुवटीला लावून यायला लागल्या. मग दुभाषी गेली. "बरं झालं, आता तुम्ही शिकवा." आम्ही मुलांशी बोलताना ऐकून त्या मराठी शिकल्या, त्यामुळे सगळ्यांना 'तू' म्हणायच्या, सेंटरच्या ट्रस्टींनासुद्धा. हिंदी रिक्षावाल्यांकडून उचललेली. ती इथे लिहिण्यासारखी नाही.

शेवटी शांती नगरचा फ्लॅटही सोडावा लागला. गोडदेवच्या गावठाणात एका आजीकडे त्यांनी खोली घेतली. एसी नाही, पाणी येईल तेव्हा भरायचं. "बरं झालं, आता चालत येते." अहो, आमची लिफ्ट एक दिवस बंद पडली तर मी सेक्रेटरीचं डोकं खाते. ही बाई आपलं घरदार सोडून लोकांच्या पोरांसाठी आलेली, आणि हिच्याकडून एकेक काढून घेतायत, तरी ही आमच्यासमोर हसतेय. मी बघतच राहायचे.

हसण्यामागचं आजीला माहीत होतं. एकदा रस्त्यात मला धरून म्हणाली, "ही बाय हसते लय, पन रातची जेवत न्हाय." भत्ता कमी झाला होता, हे बाईंनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आया पाळीपाळीने डबा द्यायला लागलो. डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे त्यांना कोणी शिकवलं कोण जाणे. माझ्या डब्यातून एकदा एकच बटाटा आला, स्वच्छ धुतलेला.

आणि मग ती कागदाची खुर्ची. बाईंनी रद्दी गोळा करायला सुरुवात केली. मराठी, हिंदी, गुजराती, जे मिळेल ते. फक्त चकचकीत पुरवण्या नकोत, त्या खळ पीत नाहीत. आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याला वाटलं, बाईने धंदाच टाकला. मैद्याची खळ शिजवायची, कागदावर कागद चिकटवायचा, लाटायचा, वाळवायचा. मी तशी फटकळ. मी सरळ विचारलं, "परदेशी खुर्ची परवडत नाही म्हणून आमच्या पोरांना रद्दीत बसवणार का?"

बाईंनी वाद घातला नाही. सरळ खुर्चीवर चढल्या. आम्ही सगळ्या "अगं बाई" करत पुढे धावलो. त्यांना वाटलं, आम्ही पडण्याला घाबरलो. पण आमचा जीव अडकला होता कागदाला लागलेल्या पायात. लहानपणापासून पुस्तकाला पाय लागला की हात लावून कपाळाला लावायचा, ही सवय अंगात मुरलेली. त्या उतरल्यावर आम्ही एकेक जण खुर्चीला हात लावून नमस्कार करायला लागलो. बाई थक्क. एवढी आवडली का खुर्ची, म्हणाल्या. आम्ही कारण समजावून सांगितलं. त्यानंतर दर खेपेला त्या आधी चपला काढायच्या, खुर्चीला हात लावून कपाळाला लावायच्या आणि मगच चढायच्या.

त्याच खुर्चीत सानिका बसली. पाठीला आधार, छातीला पट्टा, पुढे छोटासा ट्रे. चार वर्षं छत बघितलेल्या माझ्या पोरीने समोर बघितलं. समोर मी होते. त्या दिवशी ती वरणभात बसून जेवली, ठसका न लागता, आणि मी ढसाढसा रडले.

पण मुलं वाढतात आणि खुर्ची वाढत नाही. सानिकाचे गुडघे ट्रेला लागायला लागले आणि नेमका तेव्हाच बाईंना निरोप आला की प्रकल्प बंद, महिनाअखेर परत या. त्यांची मुदत संपायला अजून अवकाश होता. त्या दिवशी त्या "बरं झालं" म्हणाल्या नाहीत. नुसत्या सानिकाच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. माझ्या मनात एकच, आता पुढची खुर्ची कोण करणार? पोरगी परत छताकडे जाणार का?

दुसऱ्या दिवशी बाईंनी सानिकाचं नवं माप घेतलं, रद्दीचा ढीग आमच्यापुढे सरकवला आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसल्या. अक्षरशः हातांवर बसल्या. घाईत आमच्यातल्या एकीने चकचकीत पुरवणी चिकटवली. बाईंना दिसलं होतं, तरी बोलल्या नाहीत. चार दिवसांनी अख्खी पाठ सुटून आली तेव्हा आमचं आम्हालाच कळलं. पुन्हा खळ, पुन्हा लाटणं. बाईंची बोटं मांडीखाली वळवळायची, पण हात बाहेर आला नाही.

त्या निघायच्या दिवशी खुर्ची खणखणीत वाळली होती. मी म्हटलं, "बाई, चढा." त्यांनी मान हलवली.

"आज तू."

माझं वजन मी इथे सांगणार नाही. चपला काढल्या, खुर्चीला हात लावून कपाळाला लावला आणि डोळे मिटून चढले. खुर्ची हललीसुद्धा नाही. डोळे उघडले तर बाईंचा चेहरा पहिल्यांदाच माझ्या उंचीला, अगदी समोर होता, आणि त्यांचे डोळे भरून वाहत होते. हळूच म्हणाल्या, "बरं झालं."

सानिका आता तिसऱ्या खुर्चीत बसते. सेंटरमध्ये खुर्च्या आम्ही आयाच करतो. गेल्या आठवड्यात काशीगावहून एक नवी आई आली, कडेवर पोर. खुर्ची बघून तिचा पारा चढला. रद्दीत बसवणार का माझ्या पोराला, म्हणाली.

मी खुर्ची पुढे ओढली. चपला काढल्या.