फुकटचा डेमो क्लास आणि सरांच्या कानातला आवाज

मोशन ग्राफिक्सचा आजचा फुकटचा डेमो क्लास मला कितीला पडला ते सांगतो: अमरावती ते अकोला जाण्यायेण्याचं भाडं, दुपारचं जेवण, आणि सोडून दिलेलं एक बारशाचं शूटिंग.

गेलो, कारण लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीची नावं नाचत आली पाहिजेत, असं आता गिऱ्हाईक म्हणतं. आपल्याला जमलं नाही तर सरळ दुसऱ्याकडे जातं. एरवी कॅमेरा असो की एडिटिंग, आपण कोणाच्या क्लासला गेलो नाही. घरी व्हिडिओ पाहून शिकलो.

सर शिकवत होते, पण एका कानात इअरफोन. मी अगदी पुढे बसलेलो. कान दिला तर आतून बारीक हिंदी आवाज येत होता, आणि सर तेच मराठीत सांगत होते. आवाजही माझ्या ओळखीचा!

क्लास सुटल्यावर म्हटलं, "सर, हा व्हिडिओ तं मी घरी फुकटात पाह्यतो."

सर हसले. "मंग काका, जमलं काय तुमाले नाव नाचवणं?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला फी द्यावी का?

मी देऊन आलो. तो व्हिडिओ मी दिवाळीपासून पाहतोय. माझ्या दुकानाचं नाव पडद्यावर हललं ते आज, त्यांच्या क्लासात.